ज्याचं नाव, त्याचा पाळणा

त्या दुपारी थोरलीला मिळण्यासारखं पुष्कळ होतं.

पहिलं म्हणजे मूल. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. शिवणाच्या खोलीतला जो कोपरा तिने पाळण्यासाठी मोकळा ठेवला होता, तिथे आता गिऱ्हाइकांनी न नेलेल्या कपड्यांचा ढीग होता. दुसरं, लोकांची तोंडं बंद होणार होती. मापं द्यायला आलेल्या बायका हात वर करून उभ्या राहिल्या की त्यांच्या तोंडाला दुसरं काम उरत नाही, मग त्या विचारतात. तिसरं, नवरा. तो या विषयावर कधी चकार शब्द काढत नसे, पण बाप्याच्या खिशात नेहमी चार लिमलेटच्या गोळ्या कशासाठी लागतात, हे न कळायला थोरली काही दुधखुळी नव्हती. आणि चौथं तिने स्वतःशीसुद्धा धड बोलून टाकलं नव्हतं: धाकटी बहीण गेली, तिचं कपाळ मात्र जसंच्या तसं तिच्या मागे राहिलेल्या पोरीला आलं होतं. ते कपाळ रोज डोळ्यांसमोर राहणार होतं.

इतकं सगळं मिळवायला तिला द्यायचं काहीच नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. सहा आठवडे ती बसलीच होती. आणखी एक दुपार.

पोरीला या सहा आठवड्यांत सगळे गाठोडं म्हणत होते. ‘गाठोडं उठलं का’, ‘गाठोडं ओलं झालंय’. नाव ठेवायला कोणाचा जीव धजत नव्हता, आणि त्याचं कारण दुःखाइतकंच पणजीचा नियम हेही होतं. साथीच्या वर्षी घरात तीन पोरं पोरकी झाली आणि ‘तू बघ, तू बघ’ करत सगळे एकमेकांकडे बोटं दाखवू लागले, तेव्हा त्या बाईने सांगून टाकलं होतं: ज्याचं नाव, त्याचा पाळणा. पोराला जे नाव लागेल ते ज्याने दिलं किंवा ज्याच्या घरातून आलं, पोर त्याच्या घरी वाढेल. पुन्हा कोणी कुरकुर करायची नाही. थोरलीचे वडील, आबा, स्वतः असेच चुलत्याच्या वाट्याला येऊन या पियानोच्या दुकानात वाढले होते. त्यामुळे हा नियम त्यांच्यापुढे कोणी मोडायचं म्हटलं असतं, तर त्यांना आपला जन्मच कोणी मोडीत काढतंय असं वाटलं असतं.

नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने शनिवारी चारपर्यंतची मुदत दिली होती. त्यानंतर साक्षीदार, प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे. जावई, म्हणजे धाकटीचा नवरा, बोटीवर कामाला होता. बायकोला पोचवून आठव्या दिवशी त्याला परत चढावं लागलं. त्याने खाली सही केलेला कोरा फॉर्म पाठवला होता आणि सोबत चार ओळी: तुमच्या घराची रीत मला माहीत आहे, तिने सांगितली होती. जे ठरेल ते मला कबूल. पोरीला सर्दी होऊ देऊ नका.

म्हणून शनिवारी बारा वाजताच दुकानाची पाटी उलटी फिरवून सगळे पुढच्या दालनात बसले. आबा त्यांच्या उंच स्टुलावर. दादा, म्हणजे आबांचा मोठा मुलगा, खिडकीपाशी उजेडाला. छापखान्यात मुद्रितं तपासून त्याला उजेडाची सवय झाली होती आणि चुका काढण्याचीही. थोरलीचा नवरा जमिनीवर, पाठ खोक्याला टेकून. तो सामान हलवणाऱ्या हमालांचा मुकादम होता आणि कुठल्याही खोलीत शिरला की आधी दाराची रुंदी बघायचा. आणि पोरीला मांडीवर घेऊन विहीणबाई.

विहीणबाई जावयाची आई. इस्पितळाच्या धुलाईखान्यात बत्तीस वर्षं चादरी धुऊन घड्या घालून त्यांच्या हाताला असं वळण पडलं होतं की समोर रुमाल आला तरी त्याची चौघडी व्हायची. यंत्रांच्या घरघरीत बोलून आवाज मोठा झाला होता, तो इथे त्या सतत आवरत. सहा आठवडे दिवसाची पोर त्यांच्याकडे आणि रात्रीची थोरलीकडे अशी वाटणी होती. दोघींत एकदाही वाजलं नव्हतं. दोन बायका इतके दिवस इतक्या गोड वागत होत्या, यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे हे दादाने ओळखलं होतं.

“बोला,” आबा म्हणाले. “मुदत चारची आहे.”

थोरलीने आपलं नाव सांगितलं. तारा.

“तारा दोनशे वीस आहेत दुकानातल्या एकेका पियानोत,” तिचा नवरा म्हणाला. “अजून एक आणली तर ती लावणार कोण?”

हसायला कोणीतरी सुरुवात केली आणि मध्येच थांबलं. लावणारी गेली होती. मुकादमाने जीभ चावली, खिशातली गोळी काढली आणि कोणाला द्यायची ते न सुचून परत ठेवली.

दादाने चष्मा पुसला. तारा हे नाव ठीक आहे, असं त्याचं मत पडलं. एका भाषेत चांदणी, दुसरीत टेकडी, कुठेही गेली तरी पोरीची अडचण होणार नाही. फक्त मुळाशी गेलं तर तारणारी असाही अर्थ निघतो. “एवढ्याशा पोरीने कोणाला तारायचं, ते आधी ठरवा,” तो म्हणाला आणि थोरलीकडे बघितलं नाही. त्याने बघितलं नाही हेच थोरलीला लागलं.

दादाचा शहाणपणा असा, की तो अर्थ सांगत होता, व्युत्पत्ती सांगत होता, उच्चार कुठे अडखळेल ते सांगत होता, पण स्वतः एकही नाव सुचवत नव्हता. घरात तीन मुलगे होते, बायको चौथ्याच्या नावाने हात जोडत होती. नाव सुचवायचं म्हणजे पाळणा उचलायचा.

मुकादमाने बायकोच्या मदतीला म्हणून माया पुढे केलं. दादाने तेही तपासलं. माया म्हणजे जीव लावणं हे खरं, पण माया म्हणजे भास हेही खरं. आई नसलेल्या मुलीला वर्गातल्या पोरी उद्या काय म्हणतील? माया गळालं.

मग विहीणबाई बोलल्या. मला अर्थ वगैरे कळत नाही, पण हाक मारली की पोर वळली पाहिजे, एवढं कळतं, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. धुलाईखान्यात एक पोरगी होती, तिला लीना म्हणायचे. हाक मारायला बरं वाटायचं. यंत्रं चालू असली तरी पोचायचं.

“लीना म्हणजे विरघळून गेलेली,” दादा म्हणाला. “मिसळून नाहीशी झालेली.”

विहीणबाईंनी पोरीच्या दुपट्याची घडी सारखी केली. मग पुन्हा एकदा केली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायला हात मोकळा नाही म्हणून तसंच हनुवटीपर्यंत गेलं.

दादाला स्वतःचीच लाज वाटली असावी. छापलेल्या मजकुरावर तांबडी रेघ मारणं वेगळं आणि बाईच्या तोंडातून आलेल्या एकुलत्या एका नावावर मारणं वेगळं. त्याने घसा साफ केला आणि बाजू बदलली. तसं पाहिलं तर लीन म्हणजे नम्र, शांत, एखाद्यात जीव गुंतलेलं असंही, असं त्याने दुरुस्त केलं. कितीतरी देशांत चालतं, म्हणाला. लिहायला सोपं. तारापेक्षा, खरं सांगायचं तर, मऊ.

“आत्ताच नाहीशी केलीस की तिला,” थोरली म्हणाली.

“वाचल्यावर पुन्हा एकदा वाचायचं असतं, बाई. माझं पोट त्याच्यावर चालतं.”

म्हणजे आता दादा तिकडे गेला. मुकादम आपल्या बाजूला, पण त्याच्या बोलण्याला या घरात पियानो उचलण्यापुरतीच किंमत होती. राहिले आबा. थोरलीने मनात मोजदाद केली आणि तिच्या लक्षात आलं की इथे मतांनी काही ठरणारच नाही. दोन नावं उरली की ती पियानोत घालायची, ही घरची पद्धत होती.

दालनाच्या मधोमध तो मोठा आडवा पियानो होता. तो विकायचा नव्हता, कारण तो विकला जात नव्हता. पन्नास वर्षांनी या दोन गोष्टींतला फरक कोणी विचारत नाही. नाव तपासायची पद्धत अशी: एकाने उजवा पायदाब दाबून धरायचा, म्हणजे तारांवरच्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गाद्या एकदम उचलल्या जातात आणि सगळ्या तारा मोकळ्या होतात. नाव सुचवणाऱ्याने उघड्या झाकणाखाली वाकून, पोराला मारावी तशी हाक मारायची आणि गप्प व्हायचं. मोकळ्या तारा ती हाक परत देतात. अस्पष्ट, पण माणसाची. खालच्या मजल्यावरून कोणी ओ द्यावी तशी. पियानो ज्या नावाला जास्त वेळ ओ देईल, ते नाव. आबा हात वर धरून ऐकत आणि आवाज संपला की मूठ मिटत. दादा घड्याळ लावून बसे. या घरातल्या सगळ्यांची नावं अशी त्या लाकडातून निघाली होती. धाकटीचंही. तिच्या नावाला पियानोने बारा सेकंद ओ दिली होती, असं आबा तिच्या लग्नातसुद्धा लोकांना सांगत सुटले होते.

“सरस तापत ठेवलाय,” आबा म्हणाले आणि स्टुलावरून उतरले. “आटून जाईल. दहा मिनिटांनी घेऊ.”

सरस तापत ठेवला होता हे खरं, पण आबा उठले त्याचं कारण ते नव्हतं. थोरली चहाचा कप घेऊन त्यांच्यामागे कारखान्यात गेली.

मागच्या त्या खोलीत आबा बाकाशी बसून एका जुन्या पियानोच्या हातोड्यांना नवा नमदा चिकटवत होते. अठ्ठ्याऐंशी हातोड्या रांगेत, प्रत्येकीच्या डोक्याला पांढरं फडकं गुंडाळल्यासारखं. भिंतीला लागून दोन पियानो उभे होते, ते गेल्या महिन्यात परत आले होते. एक शाळेचा, एक गाणं शिकवणाऱ्या बाईंचा. दोन्ही गिऱ्हाइकं सभ्य होती. वरचे सूर जरा उतरल्यासारखे वाटतात, असंच म्हणाली. हवा दमट आहे, असं आबांनी त्यांना सांगितलं. हवा महिनाभर खडखडीत कोरडी होती.

आबांचे कान वरच्या सुरांना सात-आठ वर्षांपूर्वीच गेले होते. धाकटी संध्याकाळी बापाला भेटायला म्हणून यायची, वरचं दीड सप्तक लावायची आणि तारा पिळायची चावी होती तिथे ठेवून जायची. आबांना ते माहीत होतं. आबांना माहीत आहे हे धाकटीला माहीत होतं. बाकी घरालाही माहीत होतं, अगदी विहीणबाईंनाही. पण बोलत कोणीच नसे, कारण पियानो लावणाऱ्याच्या कानाबद्दल बोलायचं म्हणजे त्याला जिवंतपणी तिरडीवर बांधायचं.

थोरलीने कप ठेवला.

“दार लोट,” आबा म्हणाले.

तिने लोटलं. आबांनी हातातली हातोडी खाली ठेवली नाही. तिच्याकडे बघत बोलायला लागले.

“ती गेली त्या दिवशी सकाळी मी तिच्याजवळ होतो. तू औषधं आणायला खाली गेली होतीस. तिने मला जवळ बोलावलं आणि काहीतरी सांगितलं. बारीक आवाजात. मी मान हलवली.”

थोरलीने कपाची बशी सरळ केली.

“तिला वाटलं मला कळलं. बरं वाटलं तिला, असं तोंडावर दिसलं. मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं, थोरले. पुन्हा सांग, असं म्हणायला पाहिजे होतं. सात वर्षं मी कोणाला पुन्हा सांग म्हटलेलं नाही, तिला कसं म्हणणार? म्हटलं, दुपारी विचारू.” त्यांनी हातोडीचा नमदा अंगठ्याने दाबला. “पोरीच्या नावाचं काहीतरी होतं. तिने पोटावर हात ठेवला होता. रिकाम्या पोटावर. तुला काही बोलली होती का?”

आबांच्या तोंडून ऐकू न येण्याची कबुली थोरलीने जन्मात पहिल्यांदा ऐकली. म्हाताऱ्याने आपला उरलासुरला धंदा काढून तिच्या हातात ठेवला होता.

बोलली होती. त्याच सकाळी, तासभर आधी. धाकटीने एक नाव सांगितलं होतं, दोनच अक्षरांचं, फुंकर मारल्यासारखं, जुन्या काळातलं. ते विहीणबाईंच्या आईचं नाव होतं. दिवस भरत आले तेव्हा विहीणबाई सुनेचे पाय चेपत बसायच्या आणि आपल्या आईच्या गोष्टी सांगायच्या. तिला नाव आवडलं होतं, पण ते कारण नव्हतं. “ताई,” धाकटी म्हणाली होती, “तो बोटीवरून उतरला की सरळ आईकडे जातो. इकडे तो पाहुण्यासारखा येईल, कपभर चहा पिऊन जाईल. पोर तिकडे असली तर तिला बाप तरी दिसेल. तू रागावू नकोस.” नियम तिला पाठ होता. नाव सांगितलं म्हणजे पाळणा कुठे ते सांगितलं. आणि थोरलीने उत्तर दिलं होतं, आधी बरी हो, मग बघू.

विहीणबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. स्वतःच्या आईचं नाव पुढे करणं त्यांना हावरटपणाचं वाटलं असतं, म्हणून तर त्यांनी धुलाईखान्यातून एक उसनं नाव आणलं होतं.

“थोरले,” आबा म्हणाले. “बोलली होती का?”

त्यांनी उजवा कान पुढे केला. तो त्यातल्या त्यात बरा होता.

थोरलीने सांगितलं.

ठरवून नाही. ओठ आपोआप उघडले. तिने नाव सांगितलं आणि पुढचंही सांगितलं, बोट, बाप, चहा, सगळं. कुजबुजत नाही आणि ओरडतही नाही, जसं आपण रोज बोलतो तसं. सांगून झालं. सहा आठवड्यांत प्रथमच तिला वाटलं की आता आपल्याला भूक लागेल.

आबांनी कान मागे घेतला, हातोडी सरसात बुडवली आणि तिच्यावर नमदा बसवायला लागले.

“नाही आलं ऐकू,” ते म्हणाले.

थोरली बघत राहिली. आबा नमद्याकडे बघत होते. त्यांना खरंच ऐकू आलं नसेल. नाव बारीक होतं, दोन्ही अक्षरं त्यांच्या हरवलेल्या सुरांतली. पण बाकीचं? बोट, बाप, चहा? पण नमदा वाकडा बसला होता आणि तो त्यांनी सरळ केला नाही. पोर या घराजवळ राहिली, चार गल्ल्या पलीकडे थोरलीच्या खोलीत, तर ती रोज दुकानात येईल. मोठी होईल. तिला कान असतील.

आता फक्त पुन्हा एकदा सांगायचं होतं. जरा मोठ्याने. खरं बोलायचं ते तिने बोलून झालं होतं. दुसऱ्यांदा बोलली असती तर ते दान झालं असतं. नावाचं पहिलं अक्षर तिच्या दातांमागे येऊन थांबलं. आबांनी पुन्हा सांग म्हटलं नाही.

“चहा गार होतोय,” थोरली म्हणाली, आणि दार उघडून बाहेर आली.

दालनात मुकादम पायदाबाशी बसला होता, दादाने घड्याळ मनगटावरून काढून हातात घेतलं होतं. पोर झोपली होती. विहीणबाईंनी तिला खुर्चीवरच्या उशीत ठेवलं, दोन्ही बाजूंनी दोन जाडजूड पुस्तकं लावली पडू नये म्हणून, आणि त्या पियानोकडे अशा गेल्या जशी माणसं साहेबाच्या खोलीत जातात. झाकणाखाली वाकताना त्यांनी विचारलं, किती मोठ्याने? आबा स्टुलावर येऊन बसले होते. ते म्हणाले, पोर अंगणात खेळते आहे आणि जेवायला बोलावायचं आहे, इतक्या मोठ्याने.

मुकादमाने पाय दाबला. आबांनी हात वर केला.

विहीणबाईंनी हाक मारली. सहा आठवडे आवरून धरलेला तो धुलाईखान्याचा आवाज त्यांनी एकदम सोडला, आणि दालनातल्या सगळ्या काचा क्षणभर जाग्या झाल्या. मग शांतता. आणि मग पियानोने ओ दिली. आधी वरून, अगदी बारीक, ओल्या पेल्याच्या कडेवर बोट फिरवल्यासारखी ई. आणि तिच्या खालून हळूहळू उघडत जाणारं ना. खालचं आधी विरलं. वरचं राहिलं, लांबत गेलं, आता संपलं म्हणेपर्यंत पुन्हा होतंच.

आबांची मूठ मिटली.

खोलीत अजून आवाज होता. दादाला तो ऐकू येत होता, मुकादमाला येत होता, थोरलीला येत होता. तारा गात होत्या आणि मिटलेली मूठ हवेत होती. दादाने घड्याळाकडे बघितलं, मग वर बघितलं. त्याचं तोंड उघडलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दाखवून पोट भरलेला माणूस होता तो, चूक समोर दिसत होती.

विहीणबाई पियानोपासून सरळ झाल्या होत्या. त्यांनाही ऐकू येत होतं. त्यांच्याइतकं कोणालाच येत नसेल. त्यांनी दादाकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. नको.

“किती?” आबांनी विचारलं.

“सात,” दादा म्हणाला. तारा तेव्हा कुठे थांबल्या, घड्याळात अकरा सेकंद झाले होते.

मग थोरली वाकली. लाकडाचा, गंजाचा आणि जुन्या नमद्याचा वास आला. तिने तारा अशी हाक मारली, दोन्ही आ पोटातून काढून, आणि डोळे मिटून घेतले. पियानोने भरघोस ओ दिली, जाड तारांची, आबांना ऐकू येईल अशी. वरती मात्र त्यात फारसं काही नव्हतं. खोलीतला आवाज संपला आणि त्याच क्षणी मूठ मिटली.

“नऊ,” दादा म्हणाला. हे खरेच नऊ होते.

“तारा,” आबा म्हणाले.

मुकादमाने पायदाबावरून पाय काढला, जड दगड खाली ठेवावा तसा. दादाने फॉर्म पुढे ओढला आणि आपल्या छापल्यासारख्या अक्षरात नाव लिहिलं, मग सवयीने ते दोनदा वाचलं. थोरली पियानोपाशी उभी होती, ना बायकोसारखी दिसत होती, ना मुलीसारखी, ना आईसारखी. नवरा तिच्याकडे बघून हसला, तेव्हा तिने हसून दाखवलं.

“त्यांचा कान,” विहीणबाई म्हणाल्या. “त्यात आपण काय सांगणार.”

आबांनी ते ऐकलं. ते स्टुलावरून उतरून विहीणबाईंपाशी गेले आणि तिथे नुसते उभे राहिले. काही म्हणायचं होतं ते त्यांच्या तोंडाच्या हालचालीवरून दिसलं, पण शेवटी ते एवढंच म्हणाले, “येत जा, विहीणबाई. रविवारी वगैरे.”

“येईन की.”

त्यांनी उशीतून पोर उचलली आणि थोरलीकडे दिली. देताना सांगत राहिल्या, जणू थोरलीने सहा आठवडे तिला पाहिलंच नव्हतं. दूध पाजल्यावर डाव्या खांद्यावर घ्यायची, उजव्यावर ती रडते. डावा कान झोपेत दुमडतो, तो सरळ करत जायचा. अंघोळीचं पाणी कोपराने बघायचं, हाताने नाही, आपले हात पोळून निबर झालेले असतात. मग पिशवी भरायला लागल्या. त्यांच्या घरी आणून ठेवलेले लंगोट त्या सकाळीच सगळे घेऊन आल्या होत्या, धुऊन, चौघड्या घालून. निकाल कसाही लागला तरी पोरीचं अडायला नको म्हणून. ते त्यांनी टेबलावर मांडले. बत्तीस होते.

दाराशी त्या थांबल्या.

“माझा मुलगा बोटीवरून आला ना, तर तुमच्याकडे एक रात्र टेकायला जागा होईल का? खाली जमिनीवर चालेल त्याला. पोर उठते तेव्हा त्याने असावं म्हणून.”

“होईल ना, मावशी,” थोरली म्हणाली. शिवणाची खोली आठ फूट बाय दहा होती आणि कपडे हलवले तरी पाळणा बसल्यावर तिथे कोणाला पाय पसरता येणार नव्हते. हे तिलाही माहीत होतं आणि मुकादमाला तर दाराच्या रुंदीसकट.

चारला वीस मिनिटं होती. दादा फॉर्म घेऊन कचेरीकडे निघाला. विहीणबाई काही अंतर त्याच्याबरोबर गेल्या आणि कोपऱ्यावरून आपल्या वाटेला वळल्या.

तर त्या दुपारचा ताळा असा. थोरलीला जे मिळायचं होतं ते सगळं मिळालं, अगदी कपाळासकट, आणि त्याच्याबरोबर असं एक नाव मिळालं जे तिला आता कुठल्याच घरात उच्चारता येणार नव्हतं. आबांनी नियम राखला आणि कानही राखला. लेकीपुढे एकदा खोटी मान हलवली होती, तिच्या जोडीला आता दुसरी गोष्ट आली. दादाने एक चूक तशीच जाऊ दिली आणि महिनाभर त्याला मुद्रितं धड वाचता आली नाहीत. मुकादमाचं नुकसान काही नाही. एवढंच की रात्री पोर रडली की बायको दिवा न लावता उठते आणि बराच वेळ तिला काहीही म्हणून हाक मारत नाही, हे त्याने पाहिलं. बोटीवरच्या बापाने न विचारताच दिलं, आणि किती दिलं ते त्याला कधी कळणार नव्हतं. धाकटीने आधीच सगळं देऊन झालं होतं. बदल्यात एकच गोष्ट मागितली होती, दोनदा, दोघांकडे.

आणि विहीणबाई रिकामी पिशवी चार घड्या घालून काखेत धरून चालत होत्या. त्यांच्या हातून आज किती गेलं हे त्यांना अर्धंच ठाऊक होतं, आणि ते अर्धं त्यांनी स्वतः मान हलवून दिलं होतं. धुलाईखान्यातली एक ओळखीची बाई समोरून आली, म्हणाली, इकडे कुठून? तर विहीणबाई म्हणाल्या, नातीचं नाव ठेवून आले.